बंद गळा

“थोडं बंद गळ्याचं काहीतरी घालत जा, बाळा,” असं आर्लेट बोलून गेली आणि आपल्याच आवाजाला दचकली. कप विसळायच्या त्या चिंचोळ्या खोलीत ती आणि फेम्के दोघीच होत्या. नळ चालू होता, बाहेर चर्चच्या घंटा पावणेअकराची धून वाजवत होत्या, आणि हे वाक्य त्या दोन आवाजांच्या मधून असं काही घरंगळत आलं होतं की आर्लेटला क्षणभर वाटलं, मागे कुणी तिसरं उभं आहे. शब्द तिचेच होते, पण आवाज आईचा होता. वाक्याच्या शेवटी किंचित मऊ होणारा, आजारी पोरापुढे औषधाचा चमचा धरावा तसा. फेम्केने कप उपडा ठेवला. तिच्या अंगात फिकट निळा, बिनबाह्यांचा साधा ब्लाउज होता. जूनच्या उकाड्यात गावातल्या निम्म्या बायका घालतात तसलाच. “कुणासाठी?” तिने विचारलं. आर्लेट म्हणाली, “कुणासाठी म्हणजे काय, नोटरीचं ऑफिस आहे हे. लोक घर घ्यायला येतात, मृत्युपत्र करायला येतात.” फेम्के तिच्याकडे बघत राहिली. सव्वीस वर्षांची मुलगी, पण बघणं असं की समोरच्याला आपले हात कुठे ठेवावेत कळू नये. “मी तक्रार केली ती त्याच्या हाताची,” ती म्हणाली, “माझ्या ब्लाउजची नव्हती केली. मॅडमनी सांगायला लावलं ना तुम्हाला?” आर्लेट म्हणाली, “नाही गं, मलाच आपलं वाटलं.” आणि हे खोटं तिच्या तोंडून इतकं सहज निघालं, की आपण जन्मभर हेच तर करत आलो, असं तिच्या मनात येऊन गेलं.

मॅडमनी तिला सोमवारी आत बोलावलं होतं. मार्लेन लामोत, नोटरी, म्हाताऱ्या नोटरी लामोतांची मुलगी. आर्लेट या ऑफिसात लागली तेव्हा ही चौदा वर्षांची होती आणि शाळेतून येऊन आर्लेटच्या टेबलाखाली पाय दुमडून गृहपाठ करायची. आता तिचे केस पांढरे झाले होते आणि वडलांच्याच खुर्चीत ती बसत होती. “बस, आर्लेट,” ती म्हणाली, “एक नाजूक गोष्ट आहे. फेम्के आली होती शुक्रवारी. दीडरिकबद्दल.” दीडरिक म्हणजे दुसरे नोटरी, मॅडमचे होऊ घातलेले भागीदार. अठ्ठेचाळीस वर्षांचा हसरा माणूस, दर शुक्रवारी सगळ्यांसाठी मनुकांचा पाव आणणारा, म्हाताऱ्या पक्षकारांना हाताला धरून जिना उतरवून देणारा. फेम्केचं म्हणणं होतं की गेल्या तीन महिन्यांत त्याने चार वेळा तिच्या कमरेवर, पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही, आणि गुरुवारी खाली दप्तरखान्यात, सरकत्या रॅकच्या दोन रांगांमध्ये तिची वाट अडवून ब्लाउजच्या गळ्यात हात घातला. मॅडम हे सांगत असताना टेबलावरच्या कागदाची कड नखाने सरळ करत होत्या. “मी काही म्हणत नाही की तसं झालंच नाही,” त्या म्हणाल्या. “त्याला सवयच आहे माणसांना हात लावून बोलायची. पण या पोरींनाही कळायला हवं. उकाडा आहे हे खरं, पण ऑफिस म्हणजे काही नदीकाठ नव्हे. तू बोल तिच्याशी. बाईने बाईशी बोललेलं वेगळं असतं. तुझं बघ ना, छत्तीस वर्षं काढलीस इथे, तुला कधी काही झालं का? कसं राहायचं ते तुला कळत होतं.” आर्लेट हसली. होकाराची मान तिने कधी हलवली ते तिचं तिलाच कळलं नाही. दाराबाहेर आल्यावर तिचा हात आपसूक गळ्याशी गेला. वरचं बटण लागलेलं होतं. कायमच लागलेलं असे.

तुला कधी काही झालं का. ते वाक्य घेऊन ती दोन दिवस सायकलवरून घरी गेली, नदीच्या बांधावरून, दुतर्फा उंच पॉप्लरची झाडं, पाण्यावर संथ चाललेले वाळूचे पडाव. वाक्य चाकाबरोबर फिरत राहिलं. बावीस वर्षांची असताना तिने स्वतः एक ब्लाउज शिवला होता, कैरीच्या रंगाचा, पुढे चार शिंपल्यांची बटणं. नोकरीला लागून पाच आठवडे झाले होते. म्हातारे नोटरी तेव्हा म्हातारे नव्हते, पंचावन्नचे असतील, पण सगळं गाव त्यांना आदराने तसंच म्हणे. त्यांनी तिला १९५०च्या आधीची खरेदीखतं काढायला खाली नेलं आणि दिवा घालवला नाही, दार लावलं नाही, काहीच चोरून केलं नाही. तिला नंतर वर्षानुवर्षं तेच आठवत राहिलं, की त्यांनी दारसुद्धा लावलं नव्हतं. ते जुन्या कागदांबद्दल बोलत होते. बोलता बोलता त्यांचे हात आले आणि बोलणं थांबलं नाही. शेतजमिनीची हद्द कशी लिहायची ते ते सांगत होते, ‘उत्तरेस वाट, पूर्वेस ओढा’, आणि तिच्या कानाला ते शब्द ऐकू येत होते, आणि एक बटण तुटून रॅकखाली गेलं. संध्याकाळी तिने आईला सांगितलं. आई बटाटे सोलत होती. सोलणं न थांबवता तिने एकच विचारलं, “अंगात काय होतं तुझ्या?” आर्लेटने खाली पाहिलं, अजून तोच ब्लाउज अंगात होता. दुसऱ्या दिवशी त्या ब्लाउजची आईने चार फडकी केली. वर्षभर घरातले आरसे कैरीच्या रंगाने पुसले जात होते.

तेव्हापासून आर्लेट हिशोबाला लागली, आणि हा हिशोब कुठे लिहून ठेवण्यासारखा नव्हता. गळा बंद केला तरी एप्रिलमध्ये पुन्हा झालं. तेव्हा तिला वाटलं, स्कर्ट. तिने पोटरीपर्यंतचा स्कर्ट शिवला. सप्टेंबरात झालं तेव्हा वाटलं, साबण, त्या साबणाला लिलीच्या फुलांचा वास होता. तिने बिनवासाचा आणला. मग चालण्याचा आवाज. मग केस. एका जानेवारीत तर ती बाहेरून नुकतीच आली होती, जाड लोकरीचा कोट, हनुवटीपर्यंत बटणं लावलेली, डोक्याला रुमाल, नाक लाल, आणि त्यांनी कोटासकट तिला भिंतीला टेकवलं होतं. त्या रात्री अंथरुणावर ती शोधत बसली होती की आज काय चुकलं, आणि सापडेना, तेव्हा तिने ठरवलं की आपण आत येताना हसून ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं, तेच चुकलं. चार वर्षं हे असं चाललं. मग एका सकाळी म्हाताऱ्या नोटरींचा अर्धा देह लुळा पडला, ते खुर्चीतून दवाखान्यात आणि दवाखान्यातून माडीवरच्या खोलीत गेले आणि पुन्हा कधी खाली दप्तरखान्यात आले नाहीत. थांबलं. आणि आर्लेटने, जिच्या अंगात तोवर करडा स्वेटर, बंद गळा आणि सपाट बूट येऊन बसले होते, स्वतःशी समजूत करून घेतली की अखेर आपल्याला जमलं. ही समजूत तिने मग बत्तीस वर्षं अंगावरून उतरवली नाही. तिच्याशी लग्नाचं बोलणाऱ्या एका भल्या माणसाला, गावच्या टपाल खात्यातल्या, तिने नाही म्हटलं ते का म्हटलं हे तिला तेव्हा सांगता आलं नाही. तो म्हणाला होता, तुला निळा रंग फार शोभून दिसेल. तेवढंच म्हणाला होता.

बुधवारी पारा एकतीसवर गेला आणि फेम्के काळा, पूर्ण बाह्यांचा, हनुवटीपर्यंत गळ्याचा स्वेटर घालून आली. हिवाळी स्वेटर. ती आपल्या जागेवर बसली आणि काम करू लागली. तिच्या कपाळावर, वरच्या ओठावर घाम साचत होता आणि ती तो पुसत नव्हती. आर्लेटला कळेना की हे आपलं ऐकणं आहे की आपल्याला मारलेली चपराक. मॅडम जाता जाता थबकल्या, त्यांनी पाहिलं आणि आर्लेटकडे बघून पापण्या किंचित मिटल्या, शाबास म्हटल्यासारख्या. अकराच्या सुमारास आर्लेट एका मृत्युपत्राची प्रत घेऊन दीडरिकच्या खोलीकडे गेली. दार अर्धं उघडं होतं. फेम्के टेबलापाशी उभी होती, हातात सह्यांसाठी आणलेली फाइल, आणि दीडरिक खुर्चीतून उठून तिच्याजवळ आला होता. “काय गं, सर्दी झाली की काय?” तो म्हणत होता. आवाजात नेहमीचं हसू. “की आर्लेटकडे शिकवणी लावलीस? आतमध्ये शिजून निघाली असशील. बघू.” त्याने तर्जनी स्वेटरच्या गळ्यात अडकवली आणि खाली ओढली, मधाच्या बरणीचं झाकण उचकटून बघावं तशी, आणि ते बोट तिथेच राहिलं, मग दुसरं बोट आत गेलं. फेम्के फाइल दोन्ही हातांनी घट्ट धरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. दीडरिकने दारात आर्लेटला पाहिलं. त्याने हात काढला नाही. तो तिच्याकडे बघून हसला, कपाटाकडे बघून कुणी हसत नाही पण हसलाच तर जसं हसेल तसं. आर्लेटच्या पायांखाली छत्तीस वर्षांची फरशी होती. उत्तरेस वाट, पूर्वेस ओढा. “तुमचा फोन आहे,” ती म्हणाली. “मॅडमच्या लाइनवर.” फोन नव्हता. दीडरिकने हात काढला, “आलोच,” म्हणाला आणि आर्लेटच्या खांद्याला मित्रासारखं थोपटून बाहेर गेला. फेम्के आर्लेटकडे बघत होती. आर्लेट आत पाऊल टाकू शकली असती. तिने मृत्युपत्राची प्रत टेबलावर ठेवली, कडा सरळ केल्या आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

रविवारी ती आईकडे गेली. आई नव्वदीला टेकली होती, गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात राहत होती, पण डोकं सुरीसारखं. आर्लेटने तांदळाच्या खिरीचा केक नेला होता, दोन तुकडे कापले. खिडकीतून मोटारी लावायचं पटांगण दिसत होतं. “आई, म्हाताऱ्या नोटरींचं मी तुला सांगितलं होतं, आठवतं?” आईचा काटा थांबला. “आठवतं.” “तू विचारलं होतंस, अंगात काय होतं म्हणून.” “हो.” “तेच का विचारलंस?” आई खालच्या एका लाल मोटारीकडे बघू लागली. ती मोटार मागे-पुढे होत होती, कुणाला तरी ती नीट लावता येत नव्हती. “दुसरं काय विचारणार होते?” आई म्हणाली. “कुणी केलं ते तू सांगितलंच होतंस. त्याहून पुढचं काही विचारलं असतं तर उठून काहीतरी करावं लागलं असतं. तुझे बाबा गिरणी बंद पडून घरी बसलेले. नोटरींच्या दारात जाऊन मी काय सांगणार होते? ब्लाउजचं निदान मला काहीतरी करता येत होतं.” “फाडलास तो.” “कापला,” आई म्हणाली. “फाडला नाही. कापड चांगलं होतं.” मग तिने केकचा शेवटचा घास खाल्ला, तोंड पुसलं आणि म्हणाली, “मला वाटलं होतं, तेवढ्याने थांबलं असेल. तू पुन्हा काही बोलली नाहीस.” आर्लेटला आईचा राग आला नाही. राग यायला समोर कुणीतरी लागतं, आणि समोर एक लहानखुरी बाई होती, जिच्या मांडीवर केकचा चुरा पडला होता. पण घरी येताना बांधावर तिला सायकलवरून उतरावं लागलं. मॅडमना ब्लाउजच सापडला होता, आईला ब्लाउजच सापडला होता, आणि मंगळवारी नळापाशी तिलाही. जो तो हाताला येईल ते धरतो, आणि हाताला नेहमी बाईचे कपडेच येतात, कारण ते जवळ असतात, मऊ असतात आणि उलटून बोलत नाहीत.

फेम्केने बाहेर लिहिलं. अशा तक्रारींसाठी ऑफिसांना बाहेरची एक संस्था नेमावी लागते, तिकडून एक बाई आली. चाळिशीची, साधी, लॅपटॉप घेऊन आलेली. आदल्या दिवशी मॅडमनी आर्लेटला गाठलं. “तुला बोलावतील उद्या. जे पाहिलंस ते सांग,” त्या म्हणाल्या, “पण जे पाहिलं नाहीस त्यात पडू नकोस. बाबांनी उभं केलेलं ऑफिस आहे हे. तू तर घरचीच.” चौकशी वरच्या खोलीत होती, जिथे एरवी दस्त वाचून दाखवत. बाईने नाव, वय, किती वर्षं नोकरी, असं विचारून घेतलं आणि मग लॅपटॉपवरून वर न बघता म्हणाली, “दीडरिक यांनी लेखी दिलंय की फेम्केंच्या कपड्यांबद्दल ऑफिसात आधीपासून कुजबुज होती. पुरावा म्हणून ते म्हणतात की तुम्हीच, एक ज्येष्ठ महिला सहकारी, तिला बंद गळ्याचे कपडे घालायला सांगितलेत. खरं आहे?” तिचं वाक्य. नळापाशी घरंगळून पडलेलं, आईच्या आवाजातलं ते वाक्य कुणीतरी उचलून, पुसून, त्या माणसाच्या हातात दिलं होतं, आणि त्याने ते फेम्केसमोर भिंतीसारखं उभं केलं होतं. कुणी दिलं ते उघड होतं. ते फक्त दोघींना माहीत होतं, आणि मॅडमना.

“खरं आहे,” आर्लेट म्हणाली. “म्हणजे तुम्हालाही तिचे कपडे खटकले होते?” “नाही. तिला सांग म्हणून मला सांगितलं, मी सांगितलं.” “कुणी?” खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. आर्लेटने मॅडमचं नाव घेतलं. मग तिला वाटलं की आता थांबलं तर हे इतकंच राहील, आणि इतकं म्हणजे काहीच नाही. “तिने ऐकलं माझं,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवशी इथपर्यंत गळा असलेला स्वेटर घालून आली. एकतीस डिग्रीत. त्याने गळ्यात बोट घालून तो ओढला. मी दारात होते. मला बघूनही हात काढला नाही.” बाईची बोटं वेगाने चालत होती. “तुम्ही काय केलंत?” “फोन आहे म्हणून खोटं सांगितलं. बाकी काही नाही केलं.” बोटं थांबली. बाईने प्रथमच नीट वर पाहिलं आणि विचारलं, “आणखी काही सांगायचंय?” ती सवयीने विचारत असावी, प्रत्येकाला विचारत असावी. आर्लेटने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे म्हाताऱ्या नोटरींचं तैलचित्र होतं, चार वर्षांचा तिचा काळ पोटात घेऊन शांत बसलेलं. “मला सगळे म्हणतात तुला इथे कधी काही झालं नाही,” ती म्हणाली. आणि मग ती बोलत गेली, जमिनीची हद्द सांगावी तसं कोरडं, तारखांसकट. साबणाबद्दल सांगितलं. कोटाबद्दल सांगितलं. बाई हळूच म्हणाली, “ते आता हयात नाहीत ना? त्याबद्दल आम्हाला काही करता येणार नाही.” “माहीत आहे,” आर्लेट म्हणाली. “पण लिहा. दीडरिकने म्हटलंय ना की कपड्यांमुळे होतं. तर मग हे त्याच कागदात हवं.” बाईने लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं. छत्तीस वर्षं आर्लेटने दुसऱ्यांचे दस्त असे वाचले जाताना ऐकले होते. एका ठिकाणी बाईने ‘अंदाजे चार वर्षे’ असं वाचलं तेव्हा आर्लेटने तिला थांबवलं आणि ‘अंदाजे’ काढायला लावलं.

पुढे झालं ते फारसं काही झालं नाही. दीडरिक सप्टेंबरात ‘परस्परसंमतीने’ दुसऱ्या गावच्या ऑफिसात गेला. निरोपाला मनुकांचा पाव त्यानेच आणला, आणि चारसहा जणांनी तो खाल्ला. अहवालात फेम्केचं म्हणणं ग्राह्य धरलं होतं, आणि शेवटी एक सूचना होती की ऑफिसने पोशाखाचे लेखी नियम करावेत. ते टाइप करायला आर्लेटकडेच आले. मॅडम तिला एकान्तातही ‘तुम्ही’ म्हणू लागल्या. एकदाच, कोट चढवताना, पाठमोऱ्याच म्हणाल्या, “बाबा गेल्यावर तरी तुम्ही त्यांना सोडायला हवं होतं.” आर्लेटला निवृत्तीला चार वर्षं होती. या गावात या वयाच्या कारकून बाईला दुसरीकडे कोण घेणार होतं? फेम्के मात्र गेली. शेवटच्या दिवशी दोघी मागच्या अंगणात सायकली सोडवत होत्या. “तुम्ही सांगितलंत ते मला कळलं,” फेम्के म्हणाली. आर्लेटला वाटलं, आता ती आभार मानेल, आणि आपल्याला ते सोसणार नाही. फेम्केने तसं काही केलं नाही. “त्या दिवशी फोन नव्हता ना?” ती म्हणाली. “मला कळलं होतं. मला वाटलं होतं, तो गेला की तुम्ही आत याल. मी थांबले होते तुमच्यासाठी. बराच वेळ.” आर्लेट म्हणाली, “मला ठाऊक आहे.” फेम्के मान हलवून सायकलवर बसली. तिने जांभळट, उघड्या गळ्याचं काहीतरी घातलं होतं आणि वाऱ्याने ते फुगलं.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आर्लेट चौकातल्या कपड्यांच्या दुकानात शिरली. ठरवून नव्हे, दार उघडं होतं म्हणून. मदतीला आलेली मुलगी हसतमुख होती. “काय दाखवू? रोजचं की समारंभाचं?” “रोजचं,” आर्लेट म्हणाली. मुलगी तिला ओळीने हँगर दाखवत गेली, हिरवं, गर्द लाल, निळं, गळे गोल, गळे उतरते. आर्लेट प्रत्येकाला हात लावून बघत होती आणि प्रत्येकाशी तिच्या मनात तोच जुना हिशोब उभा राहत होता, हे घातलं तर काय दिसेल, कुणाला दिसेल, कोण काय म्हणेल. हिशोब खोटा आहे हे तिला आता माहीत होतं. ती त्यावर सही करून आली होती. तरी तो चालूच राहिला, मालक मेल्यावरही घर राखणाऱ्या कुत्र्यासारखा. “तसं नको बघू,” मुलगी समजुतीने म्हणाली, “बघू नका म्हणजे, किंमत नि साइज सोडून द्या. तुम्हाला स्वतःला काय आवडतं ते सांगा, मी शोधून आणते.” आर्लेटने तोंड उघडलं. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला हे एवढं सांगता यायला हवं. तिने खरंच शोधून पाहिलं, पार मागे, कैरीच्या रंगाच्याही मागे, पण तो रंगसुद्धा आपल्याला आवडला होता की दुकानात स्वस्त होता, हे तिला आता आठवेना. दुकानात मंद गाणं लागलं होतं. मुलगी वाट बघत उभी होती, हातात रिकामा हँगर. “सांगते,” आर्लेट म्हणाली, “एक मिनिट थांब.” मुलगी थांबली. आर्लेट त्या दोन ओळींच्या मधल्या अरुंद वाटेत उभी राहिली, दोन्ही बाजूंनी कपडे खांद्यांना लागत होते.